अठरा हातांवरचा गेरू

वाशिमच्या वेशीबाहेर, अनसिंगच्या वाटेला आमचा भाजीपाल्याचा मळा होता आणि मळ्यातच घर. घरात माणसं पाच. माझे बाबा, माय, बाबांचे थोरले भाऊ म्हणजे मोठेबाबा, त्यांची बायको मोठीमाय, आणि मी. मोठीमायला मूल नव्हतं. त्यामुळे मी जन्मले त्याच दिवशी तिनं मला परस्पर ताब्यात घेतलं, असं माय हसत सांगायची. जेवण मोठीमायच्या ताटात, झोप मोठीमायच्या गोधडीत आणि मार मात्र मायच्या हातचा, अशी माझी सोय लागलेली होती. चूल एकच. माय भाकरी थापायची, मोठीमाय फोडणी घालायची, आणि भरीत कुणी करायचं यावर दोघी एकमेकींना "तू कर वं, तुह्या हातचं चांगलं होते" म्हणत बसायच्या, तोवर वांगी चुलीत जळून कोळसा व्हायची. सकाळी पाटीत वांगी, मेथी, बरबटी, सांबार रचून दोघी बाजारात शेजारी शेजारी बसल्या की गिऱ्हाइकांना त्या सख्ख्या बहिणी वाटत. सांबार म्हणजे कोथिंबीर. माझ्या पुण्याच्या सुनेला हे अजून अधूनमधून सांगावं लागतं.

मळ्याची जुनी विहीर पावसानं लागोपाठ दगा दिल्यावर तळाला गेली. बादली सोडली की खाली पाण्याऐवजी दगडाचा खडखडाट ऐकू यायचा. भाजी ही काही कापूस नव्हे. तिला चार दिवस पाणी चुकलं की ती तोंड फिरवून बसते. म्हणून नवी विहीर खणायची ठरली. आमच्याकडचे जुने लोक सांगत, की काळा दगड लागला की घाबरायचं नाही, खाली जात राहायचं. कधी ना कधी वीतभर जाडीचा लाल मातीचा पट्टा लागतो आणि पाणी असलंच तर त्याच्याच आसपास असतं. शेजारच्या दोन विहिरींत तो पट्टा मी स्वतः पाहिला होता. काळ्या दगडाच्या भिंतीत गेरूनं ओढल्यासारखी लाल रेघ, गोल फिरलेली.

आता खणायचं कसं? बाबांच्या मते मोठेबाबा सकाळी उशिरा उठत आणि मोठेबाबांच्या मते बाबा दुपारी लवकर बसत. दोघांचंही म्हणणं खरं होतं. तेव्हा एकमेकांच्या आळसाचा भार नको म्हणून त्यांनी विहीर अर्धी अर्धी वाटून घेतली. बारा हात रुंदीचं वर्तुळ आखलं, वरची काळी माती काढली आणि खाली मुरूम लागला, तर त्या मुरुमात मधोमध एक सरळ चीर निघाली. पांढरी चुनखडी भरलेली, दोरी धरून ओढावी तशी. बाबा खूश झाले. म्हणाले, "घे भाऊ, देवानंच हद आखून देल्ली." बोलणं असं ठरलं, की चिरेच्या उगवतीची बाजू मोठेबाबांनी खणायची, मावळतीची बाबांनी. दोघांनी आपापल्या बाजूला लाल पट्टा लागेपर्यंत जायचं. तिथून खाली मग दोघांनी मिळून. पुढं मी जन्मभर मुलांना भूगोल शिकवला, पण जमिनीच्या तुटलेल्या चिरेला शेताचा बांध समजून वाटणी करणारी माणसं आमच्या घराबाहेर कुठं भेटली नाहीत.

ते दिवस फार मजेचे होते. मी नववीत होते. सकाळी शाळेला निघताना विहिरीतून दोन वेगवेगळे आवाज येत. मोठेबाबांची सब्बल संथ, ठक, थोड्या वेळानं ठक. बाबांची घाईची, ठकठकठक आणि मग बराच वेळ काहीच नाही, कारण बाबा बिडी ओढत. माय आणि मोठीमाय वर उभ्या राहून घमेली ओढायच्या आणि ओढता ओढता गाणी म्हणायच्या. हद्दीचा मात्र दोघा भावांनी भलताच मान राखला. दुसऱ्याच्या वाट्यात सब्बल जाऊ नये म्हणून दोघेही चिरेपासून थोडं अंतर सोडून खणायचे, त्यामुळे विहिरीच्या मधोमध दीड हात जाडीची दगडाची भिंत उभी राहिली. एका विहिरीच्या दोन विहिरी झाल्या. येणारेजाणारे वाकून बघायचे आणि डोकं खाजवत निघून जायचे.

अठराव्या हातावर मोठेबाबांना लाल पट्टा लागला. त्यांनी नारळ फोडला, आम्हाला खोबरं वाटलं, आणि विहिरीच्या काठावर बसून खाली घाम गाळणाऱ्या धाकट्या भावाकडे बघत गूळशेंगदाणे खाऊ लागले. बाबाही अठरा हातांवर आले होते. त्यांच्या बाजूला लाल काही दिसेना. एकोणीस झाले. वीस झाले. काळाच दगड. दोरीला दर हाताला गाठ मारलेली होती. बाबांनी ती दोरी तीनदा मोजली, मग मला मोजायला लावली, मग दोरीवरच संशय घेतला. शेवटी विसाव्या हातावर, भर दुपारी, भुकेच्या पोटी, बाबा खालूनच ओरडून असं काही बोलले की वर माय हातातलं घमेलं सोडून उभी राहिली.

"भाऊ, तुह्या बाजूले पट्टा नाईच. तू गेरू फासला अन् वर जाऊन बसला."

गेरू आमच्या घरी असायचाच. तुळशीच्या ओट्याला, उंबऱ्याला मोठीमाय गेरूचा हात फिरवायची. पण सख्ख्या थोरल्या भावानं काम चुकवण्यासाठी दगडाला गेरू फासावा, हा आरोप ऐकून मोठेबाबांच्या तोंडातला शेंगदाणा तोंडातच राहिला. ते उठले आणि घरात गेले. आतून गेरूचा डबा आणला आणि विहिरीच्या काठावर, बाबांना दिसेल असा ठेवला. डबा भरलेला होता. त्यावर बाबा म्हणाले की बाजारात गेरू काय एकाच दुकानात मिळतो? इथं सगळं बिघडलं. दोन दिवसांनी एकविसाव्या हातावर बाबांनाही पट्टा लागला, तसाच लाल, तसाच वीतभर. बाबांना तेव्हा कळायला हवं होतं. पण हट्टी माणसाला खरं कळलं की तो आणखी हट्टी होतो. ते म्हणाले, मी तीन हात जास्त खणलं, आता त्यानंही तीन हात खणावं. मोठेबाबा म्हणाले, बोली पट्ट्यापर्यंतची होती, हातांची नव्हती. आणि पाणी तर दोन्ही बाजूंना टिपूसभर नव्हतं.

त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि माझी नेमणूक पोस्टमन म्हणून झाली. ओसरीवर दोघे दोन हातांवर बसलेले असायचे. मोठेबाबा म्हणायचे, "वच्छे, तुह्या बापाले सांग, म्हशीले पानी दाखव." मी मान वळवून म्हणायचे, बाबा, म्हशीले पानी दाखवा. बाबा म्हणायचे, त्याले सांग, सकायीच दाखवलं. मी पुन्हा मान वळवायचे. मायची गोष्ट आणखी अवघड. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर पुढं ओढायचा आणि थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तेव्हा तिला मोठेबाबांना काही सुनवायचं असलं की ती गोठ्यात जाऊन म्हशीला सुनवायची. त्या म्हशीनं त्या दोन महिन्यांत आमच्या घरातलं सगळं ऐकलं. पहिले काही दिवस मला हसू यायचं. मग एका सकाळी मी उठले तर मोठीमाय गोठ्याच्या कोपऱ्यात चिखल तुडवत होती. नवी चूल घालत होती. मी विचारलं, कायले? ती म्हणाली, तुह्या मोठ्याबाबानं सांगतलं. चूल सुकली की जेवण वेगळं, मग ओसरीत भिंत, मग मळ्याच्या मधून बांध. मोठेबाबा आपल्या बाजूची अर्धी विहीर दगडांनी बुजवून दुसरीकडे नवी खणणार होते.

मी कुणाकडे राहणार, हे कुणीच बोललं नाही. सांगायची गरजच नव्हती. मी बाबांची मुलगी, भिंतीच्या अलीकडे. आज या वयात सुद्धा त्या ओल्या चुलीचा वास मी विसरलेले नाही. मोठीमाय चुलीवर हात फिरवत होती, गुळगुळीत करत होती, आणि चूल नीट व्हावी म्हणून नव्हे तर लवकर होऊ नये म्हणून फिरवत होती. ती चूल तिनं पंधरा दिवस सुकू दिली नाही. रोज कुठंतरी तडा दिसायचा, रोज ती नवा चिखल लावायची. मोठेबाबांच्या लक्षात आलं असणारच. पण ते त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत.

शाळेत भूगोलाला वानखडे बाई होत्या. उंच, सावळ्या, खडूचा हात नेहमी पदराला पुसणाऱ्या. एके दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. आमच्या वह्या गोळा करून टेबलावर दोन थप्प्या रचल्या आणि दोन्हींत, एकाच उंचीवर, एकेक लाल पुठ्ठ्याची वही घातली. थप्प्या एकमेकींना चिकटवल्या. म्हणाल्या, हे जमिनीचं कवच. हे थर. मग एका थप्पीच्या खालून तीन वह्या ओढून घेतल्या. ती थप्पी खाली बसली आणि दोन लाल वह्या एका रेषेत राहिल्या नाहीत. याला म्हणतात प्रस्तरभंग, त्या म्हणाल्या. एवढा जड शब्द ऐकून वर्ग हसला. मी हसले नाही, कारण मला त्या वह्यांत आमची विहीर दिसत होती.

बाई पुढं सांगत होत्या. त्यांनी एका विटेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली आणि खरखरीत फरशीवर ती पट्टी हळूहळू ओढू लागल्या. वीट जागची हलेना. रबर मात्र लांबत चाललं. बघा, म्हणाल्या, वरून वाटतं काहीच होत नाहीये. पण ताण वाढतोय. अजून ओढलं, अजून, आणि एकदम वीट टणकन पुढं उडाली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं पाय वर घेतले. खालचा दगडही असाच ताणला जातो, आपल्याला दिसणार नाही इतका थोडा. भेगेच्या दोन बाजू खरखरीत असतात, एकमेकींत अडकतात. अडकून बसल्या की ताण साठत जातो, आणि अडकण तुटली की पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं एका क्षणात सुटतं. कोयनेकडे जमीन हादरली ती अशीच. काही भेगा रोज थोड्या थोड्या सरकतात, त्यांची एवढी भीती नाही; भीती गप्प बसलेल्या भेगेची. मग बाई म्हणाल्या, आपल्याकडेही फार जुन्या काळी कुठं कुठं जमीन तुटलेली असेल, पण तुम्हाला दाखवायला माझ्याकडे काही नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "बाई, आमच्या इहिरीत हाय."

वर्ग पुन्हा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, किती सरकलंय? मी म्हटलं, तीन हात. कुणाचे हात? मी म्हटलं, मोठ्याबाबाचे. तेव्हा मात्र त्याही हसल्या आणि म्हणाल्या, रविवारी येते.

घरी जाऊन मी तेच प्रात्यक्षिक ओसरीवर मोठीमायला करून दाखवलं. वीट चांगली मिळेना म्हणून वरवंट्याला ट्यूब बांधली. वरवंटा गोल, हे माझ्या ध्यानात आलं नाही. तो अडकलाच नाही. नुसता घरंगळत गेला आणि ताकाच्या मडक्यावर आपटला. ताक ओसरीभर. मायनं मला दोन धपाटे घातले. मोठीमायनं तुटकी खापरं गोळा करता करता विचारलं, की हे सारं तू नेमकं काय करून राह्यली? मी सांगितलं, मोठ्याबाबानं गेरू नाई फासला. जमीनच सरकली. तिनं हातातली खापरं खाली ठेवली. "हे कोन म्हनते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बाई म्हनते. मग ती माझ्या पाठीवर, धपाटे बसले होते तिथं, ताकाच्या हातानं हात फिरवत राहिली.

रविवारी बाई सायकलवरून आल्या, हे पाहूनच मळ्यातलं अर्धं काम थांबलं. सायकलीला पिशवी, पिशवीत मोजपट्टी आणि लहान हातोडी. त्यांनी पदर खोचला, चपला काढल्या. एक चप्पल मायनं उचलली, एक मोठीमायनं, आणि पाहुणीचा मान राखायचा तर वर कुठं ठेवायची हे दोघींना सुचेना म्हणून दोघी शेवटपर्यंत एकेक चप्पल हातात धरून उभ्या राहिल्या. भिंतीत पायापुरत्या खोबण्या खणलेल्या होत्या. कमरेला दोर बांधून बाई उतरल्या, आधी मोठ्याबाबांच्या बाजूला, मग वर येऊन बाबांच्या बाजूला. दोर धरायला दोन माणसं लागत. दोघा भावांनी तो एकमेकांकडे न बघता धरला. बाईंनी दोन्हीकडचा लाल पट्टा हातोडीनं खरवडला, माती बोटांत चोळली, मधली भिंत वरपासून खालपर्यंत हातानं चाचपली. बाबांच्या बाजूला भिंतीच्या पायथ्याशी त्या बराच वेळ वाकून बसल्या. तिथं एक बेडूक होता. आम्ही तो रोज बघत होतो, आणि कोरड्या विहिरीत बेडूक कायले राहते, हा प्रश्न दोन महिन्यांत पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

वर येऊन बाई खाटेवर बसल्या. मोठीमायनं गुळाचा चहा दिला. बाईंनी सांगितलं, की दोन्हीकडची लाल माती एकच आहे. पूर्वी तो एकच सलग पट्टा होता. मग जमीन ताणली गेली, या चिरेवर तुटली आणि एका बाजूनं सरकली. मोठ्याबाबांनी विचारलं, कधी? बाई म्हणाल्या, माणूस नव्हता तेव्हा. मोठेबाबा म्हणाले, "म्हंजे गेरू म्या नाई फासला." बाई म्हणाल्या, नाही, ही जमिनीतलीच माती. त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं, म्हणून त्या जरा गोंधळल्याच. मोठेबाबांनी डोक्यावरचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. दोन महिने त्यांनी तो रुमाल आमच्यासमोर काढला नव्हता.

पण आमच्या घरचीच माणसं ती. लगेच दुसरा प्रश्न आला, आणि तोही मोठ्याबाबांचाच. ते म्हणाले, पन बाई, सरकलं कोन? माही बाजू वर आली का त्याची खाली गेली? बाबांनी मान वर केली. दोघेही उत्तराला टपून बसले. मला वाटलं, आता बाई एकाचं नाव घेणार आणि गोठ्यातली चूल उद्याच पेटणार. बाईंनी चहाचा घोट घेतला. म्हणाल्या, "ते दगड बघून सांगता येत नाही. दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकल्या, एवढंच दगड सांगतो." हे वाक्य मी पुढं माझ्या वर्गात कितीतरी वेळा म्हटलं. दर वेळी मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, आणि दर वेळी मला आमची ओसरी दिसायची.

निघताना बाईंनी आणखी एक सांगितलं. अशा चिरेत दगड चुरलेला असतो, त्यातून पाणी वाहू शकतं. तुम्ही नेमकी तीच भिंत सोडून दोन्हीकडे खणलंय. असेलच पाणी असं मी म्हणत नाही, पण मी असते तर जिथं बेडूक बसलाय तिथं फोडलं असतं. मायनं त्यांच्या पिशवीत वांगी आणि सांबार कोंबलं. त्या नको नको म्हणत गेल्या.

आता हद्दीची भिंत फोडायची म्हणजे दोघांच्या वाट्यातलं काम. दिवस गेला, तरी सब्बलीला कुणी हात लावेना. संध्याकाळी बाबांनी मला मळ्याच्या कडेला बोलावलं. पायानं ढेकळं फोडत म्हणाले, मोठ्याबाबाले सांग, गेरूचं माह्यं चुकलं. दोन महिने मी त्या दोघांचे सगळे निरोप पोचवले होते, म्हशीचे, मिठाचे, बिडीच्या बंडलाचे. हा निरोप मात्र मला माझ्या तोंडात बरोबर वाटेना. मी म्हटलं, "तुमीच सांगा." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता एक बसणार. बसली नाही. ते ढेकळं फोडत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला गेले नाही. पोट दुखते म्हटलं. बाबा एकटेच विहिरीत उतरले. दगड फोडायचा तर एक माणूस पहार धरतो, दुसरा तिच्यावर घण घालतो. धरणारा दर घावानंतर पहार थोडी फिरवतो आणि म्हणतो, मार. तो म्हणाल्याशिवाय घण पडत नाही, कारण घण पहारीवरून निसटला तर खाली धरणाऱ्याचे हात असतात. बाबा एका हातानं पहार धरून दुसऱ्या हातानं घण उचलायला बघत होते. घण धड वर जात नव्हता, पहार धड उभी राहत नव्हती. चार घावांत तीन दगडावर, एक स्वतःच्या नडगीवर. वर काठावर मोठेबाबा येऊन बसले. त्यांना एक वेळ भांडण सहन व्हायचं, पण वेडंवाकडं काम सहन व्हायचं नाही. ते कण्हल्यासारखा आवाज करत होते. पाचव्या घावाला पहार आडवी पडली. मोठेबाबा उठले, रुमाल माझ्या हातात दिला आणि खोबण्यांत पाय देत, आजवर कधी पाय न ठेवलेल्या बाजूला, बाबांच्या बाजूला उतरले.

मी पोटावर पडून काठावरून खाली बघत होते. मोठीमाय माझे पाय धरून बसली होती. मोठेबाबा भिंतीच्या पायथ्याशी उकिडवे बसले. बेडकाला हातानं बाजूला सारलं. पहार उभी केली आणि दोन्ही हातांनी धरली. बाबांनी घण उचलला. वर नेला. आणि तसाच खाली आणला, मारलाच नाही. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. ते म्हणाले, भाऊ, म्या त्या दिवशी जे म्हटलं... मोठ्याबाबांनी मान वर केली नाही. पहार थोडी फिरवली.

"मार," ते म्हणाले.

दोन महिन्यांतला तो त्यांचा बाबांशी पहिला शब्द. बाबांनी घण घातला. मार. पुन्हा घण. मोठीमायनं माझे पाय इतके घट्ट धरले की मुंग्या आल्या, आणि मागं गोठ्याजवळ माय पदर तोंडाला लावून उभी होती. दुपारपर्यंत तेच चालू होतं. मार, ठण्ण. मार, ठण्ण. दुपारनंतर आवाज बदलला, ठण्णच्या जागी भस्स असा ओला आवाज आला आणि पहार हातभर आत गेली. बाहेर काढली तर तिच्या टोकाला चिखल होता. पाणी काही उसळून वर आलं नाही; तसं गोष्टींत येतं. आमचं पाणी आधी भुऱ्या चिखलासारखं पाझरलं आणि सकाळपर्यंत गुडघाभर झालं. चैत्रात भाजीला तेवढं पुष्कळ.

संध्याकाळी कुणी कुणाला न विचारता पाचही ताटं एकाच चुलीसमोर मांडली गेली. मी कंदिलापाशी भूगोलाची वही उघडून विहिरीचं चित्र काढत होते. दोन बाजू, मधली चीर, उगवतीला वरचा लाल पट्टा, मावळतीला खालचा. बाईंनी शिकवल्याप्रमाणे चिरेच्या दोन्ही अंगांना एकेक अर्धा बाण काढला, एक वर जाणारा, एक खाली जाणारा. मोठेबाबांना लिहितावाचता येत नव्हतं. ते भाकर मोडता मोडता वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, हे बाण कायचे? मी सांगितलं, कोणती बाजू कुठं सरकली ते दाखवायचे. त्यांनी आपल्या बाजूच्या बाणावर बोट ठेवलं.

"हा ठेव. तो दुसरा पुसून टाक. मीच सरकलो, असं लिव."

मी खोडरबर उचललं. तेवढ्यात बाबांनी जेवता हात ताटात ठेवून डावा हात माझ्या वहीवर ठेवला, बरोबर त्या खालच्या बाणावर. त्यांची मान खाली होती. म्हणाले, "राहू दे, वच्छे. म्याबी सरकलो."

मोठीमायनं दोघांच्या ताटात एकदमच भरीत वाढलं, आणि मी खोडरबर दप्तरात टाकलं.